पाचव्याची मेमरी

बुधवार, ६
"उद्यापर्यंत पाचवा चढव," साहेब म्हणाले. झालं! जागा आहे कुठे?

आईला समजावलं तेच इथे लिहिते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर येईल. हॉस्पिटलात खरं मशीन एकच. त्याच्या पोटात चार मशिनं चालतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. त्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. एक रुग्णवाहिकेच्या फोनचा, एक औषधांचा, एक बिलांचा, एक हजेरीचा. मेमरी एकूण चौसष्ट जीबी, त्यातली छप्पन वाटून झालेली. आता एक्स-रेच्या फोटोंसाठी पाचवा, आणि त्याला सोळा हवी!

आई म्हणाली, "एकाला दुसऱ्याचं कळतच नाही ना? मग बरंय, भांडण तरी नाही."

गुरुवार, ७
चढवला. बेरीज बहात्तर!

साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "अगं, सगळे एकदम कशाला मागतील? ज्याची रिकामी पडलीय त्याची काढून सॉफ्टवेअर दुसऱ्याला देतं. त्यासाठीच तर आहे ते." खरं आहे. पुस्तकातही तसंच लिहिलंय. पण रुग्णवाहिकेची काढली आणि नेमकी त्याच क्षणी तिला लागली तर? मी म्हटलं, सर, तिची तेवढी राखीव ठेवू या — कुणी हात लावणार नाही अशी.

"मग पाचव्याला कुठे बसवू? तुझ्या डोक्यावर?"

शेजारच्या टेबलावरचा चष्मिस फिस्सकन हसला. कान तापले माझे. तरी पुन्हा बोलले! कुठून आवाज फुटला कोण जाणे.

घरी बाबा चिडले. "साहेबांना उलटून बोललीस? कायम होईपर्यंत तोंड शिवून बस." नोकरी कायम होणार की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल. आमच्या घरात शाळा पाहिलेली मी पहिली, खुर्चीवर बसून काम करणारीही मीच. बाबांचा जीव त्या खुर्चीत अडकलाय.

शुक्रवार, ८
निघताना पाहिलं — मशीनवर बेचाळीस भरलेली. ठीक. पाचव्याकडे मात्र मी बघतच नाही. राग येतो त्याचा.

रविवार, १०
सुट्टी. जेवण गेलं नाही. आई म्हणते, "मशीन तिकडे, काळजी इकडे!"

सोमवार, ११


सकाळी जाऊन बसते तोच भरलेल्या मेमरीचा आकडा लाल. अठ्ठावन्न! साहेब अजून यायचे होते. तेवढ्यात रुग्णवाहिकेच्या फोनवाल्या मावशी जिन्यावरूनच ओरडल्या, "पोरी, बस उलटलीय, आणि माझा स्क्रीन हलेना!" साहेबांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बिझी.

मी पाचवा बंद केला. नीट नाही — सरळ मानच मुरगळली त्याची.

मावशी खाली पळाल्या, टेबल पुढे ओढून बसल्या आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येईल अशा ओरडल्या, "चाललं गं!" गाड्या सुटल्या. मी पाणी प्यायले. वाटलं, बरोबर केलं. इतकं बरोबर मी आयुष्यात काही केलं नसेल.

मंगळवार, १२
काल पाचवा बंद पडला तेव्हा त्यात फोटो उतरत होते. सगळे गेले. बसमधल्या एका आजोबांचं खुब्याचं हाड मोडलंय. त्यांना पुन्हा एक्स-रेच्या टेबलावर उचलून ठेवावं लागलं. त्यांचं ओरडणं आमच्या खोलीपर्यंत आलं.

साहेब एवढंच म्हणाले, "उद्या माझ्या खोलीत ये."

घरी सांगितलं. बाबा जेवता जेवता उठले. आईने विचारलं, "पण गाड्या गेल्या ना वेळेवर?" गेल्या. मी तेच धरून बसले होते.

पण दुपारी वायरमन आला होता. मावशींच्या टेबलाखालची नेटची तार म्हणे अर्धी निसटलेली, टेबल ओढलं तेव्हा बसली असणार. म्हणजे स्क्रीन तारेमुळे अडकला? मग आकडा लाल का होता? तो तर मी या डोळ्यांनी पाहिला!

बुधवार, १३
साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"राखीव मेमरी वापरात नसली तरी भरलेलीच दिसते. माहीत नाही तुला?"

माहीत आहे. परीक्षेत लिहिलंय मी हे.

"शुक्रवारी तू गेल्यावर मीच रुग्णवाहिकेची सगळी राखीव करून टाकली. पाचव्याची निम्मी कापली. म्हटलं सोमवारी सांगू."

"तुझंच ऐकलं होतं गं."