हौसाबाईंचा पाय

जुन्नर, मंगळवार, संध्याकाळ

घाटघरच्या हौसाबाईंचा पाय डोक्यातून जात नाही. पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, आणि सोनोग्राफीत मुख्य शिरेची जाडी मोजली तर अगदीच कमी. रिपोर्टमध्ये तेच लिहिलं. 'ऑपरेशनची गरज वाटत नाही' असंही. मीच लिहिलं!

ती शीर उभ्या पायावर मोजायची असते. आडवं झालं की रक्त वर निघून जातं, शीर आक्रसते. मी स्टूल पुढं केलंही होतं. पण मी बसून तपासते, त्यावर चढलं की पाय माझ्या तोंडासमोर येतो. त्या हात जोडून म्हणाल्या, "ताई, डॉक्टरच्या तोंडाम्होरं पाय? न्हाई जमायचं मला." बाहेर रांग होती. म्हटलं, बरं, झोपा. एवढी कसली घाई होती मला?

भातलावणीत दिवसभर चिखलात उभी राहणारी बाई, आणि मी तिला झोपवून मोजलं.

आत्ता फोन केला. म्हटलं, "गुरुवारी परत या मावशी, चूक माझी आहे."

"येते. पर त्या स्टुलावर न्हाई हां!"

आईच्या वयाच्या आहेत. गुरुवारी आधी त्यांच्या पायांवर डोकं टेकवीन. मग तोच पाय तोंडासमोर आला तर कुठं बिघडलं?