चहाआधी नळी

इन्व्हरनेस, मंगळवार

प्रिय आई,

मी मजेत आहे. जेवतो वेळेवर, मोजे तूच विणलेले घालतो. मांजराचं खोकणं थांबलं का?

थंडीमुळे कामावर रोज एकच दुरुस्ती. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं पाणी बाहेर सोडणारी नळी गोठते, पाणी तुंबतं, आत गुडगुड होते आणि बॉयलर बंद पडतो. नळीवर कोमट पाणी ओतलं की काम झालं.

काल मोराग नावाच्या एका आजींकडे त्यांच्या शेजारणीच्या सांगण्यावरून गेलो. तीन दिवस ओव्हरकोट घालून बसल्या होत्या. म्हटलं, "कळवलं का नाही?" तर म्हणाल्या, "एवढ्यातेवढ्यासाठी कुणाला कशाला त्रास? आलायस तर चहा घे."

रविवारी फोनवर तू म्हणालीस, घर छान उबदार आहे. तुझ्यामागे गुडगुड ऐकू येत होती. विचारलं, तर तू मांजराचा विषय काढलास.

म्हणून तुझ्या शेजारच्या नॉर्मनकाकांना फोन केला. पत्र पोचेपर्यंत ते येऊन गेले असतील, आणि तूही त्यांना "सगळं ठीक आहे" म्हणत चहा पाजून परत पाठवलं असशील. ते शनिवारी पुन्हा येतील. या वेळी चहाआधी नळी दाखव.

तुझा,
क्लाइव्ह