स्वच्छ हवेतला आकडा

बारामती,
१८ नोव्हेंबर १९९७

प्रिय जोतीराम,

घरची मंडळी सुखरूप असतील, असं लिहिणार होतो. पण तुझे आबा गेल्याचं काल भिगवणच्या स्टँडवर कळलं. तुमच्याकडं यायला इंदापूरच्या गाडीत बसलोही होतो. उतरून परत आलो.

इकडं साखर कारखान्याचं गाळप सुरू झालंय. माझी निकिता पहिलीत जाते. तुझ्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही, आपलं यंत्र कपाटात पडून आहे.

तीन वर्षं घातली रे आपण त्यात. पंखाखालून प्रकाशाचे दोन किरण सोडायचे, हवेतला धुळीचा कण एकातून दुसऱ्यात जायला किती वेळ घेतो ते मोजायचं, की विमानाचा वेग कळतो. गाळपाच्या दिवसांत हवेत काजळी असायची, तेव्हा आकडा किती नेमका यायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात पावसानं हवा धुऊन निघाली. तू म्हणालास, "अवि, हवेत कणच न्हाईत. आकडा एका जागी थिजतोय. आज उडवू नगं." दिल्लीचे साहेब येऊन बसले होते. मी उडवायला सांगितलं. चाचणी चोख व्हावी म्हणून नेहमीचं वेगमापक झाकायलाही मीच लावलं. उतरताना वेग पडत गेला, आकडा तोच राहिला. विमान धावपट्टीच्या अलीकडंच आपटलं. वैमानिक रावजीसाहेबांचे दोन्ही पाय गेले.

चौकशीत ठरलं की यंत्राची काच पुसलेली नव्हती. काच पुसणं तुझं काम. आधी कुणी धोका सांगितला होता का, असं मला विचारलं. मी नाही म्हणालो. तू समोरच बसला होतास. माझ्याकडं बघत राहिलास.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. उन्हाळ्यात आबा कन्हेरीला माझ्या घरी आले होते, एकटेच. म्हणाले, "जोतीनं खरंच काच पुसली नव्हती का रं? मला एकट्याला सांग. मी कुणाला बोलणार न्हाय."

मी म्हणालो, "चूक होते माणसाकडनं, आबा."

त्यांनी मान हलवली. चहा न घेताच उठले.

आज चौकशी समितीला सगळं लिहून दिलं, सहीनिशी. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. प्रत सोबत ठेवली आहे. ज्यांना ती वाचून दाखवायला हवी होती, ते पोरावरचा डाग घेऊनच गेले. तो मी लावला.

उत्तर पाठवू नकोस. खाली 'तुझा' लिहायला हात धजत नाही.

अविराज