सहा गुण आणि एक मैदान

सोमवार, १० मार्च. दुपारी ४ वाजून १२ मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय. याच मिनिटाला रेडिओवर सांगितलं – आमच्या फुटबॉल क्लबाचे, क्लॅदरशॉ टाउनचे, सहा गुण कापले! सकाळी आम्ही चौदावे होतो. चहा गाळेपर्यंत अठरावे. वीसपैकी शेवटचे तीन संघ खालच्या विभागात जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

कारण? तीन वर्षांत लीगने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा आमचा तोटा जास्त झाला. झाला. मी कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली, गुन्हा असेल तर गुन्हा म्हणते. पण लीगमधल्याच एका मोठ्या क्लबाचा तोटा आमच्या चौपट होता! त्यांनी काय केलं – स्वतःचं हॉटेल स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं, किंमतही स्वतःच ठरवली, आणि तोटा कागदावरून गायब. या खिशातलं त्या खिशात. लीग म्हणते, नियमात बसतं.

ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांच्या व्रतात यंदा मी शिव्या सोडल्यात. दुसरं काहीतरी सोडायला हवं होतं.

मंगळवार, ११ मार्च

अर्ज लिहिला. पाच मसुदे फाडले. शेवटी लीगला दोनच प्रश्न – हॉटेल कोणी कोणाला विकलं? किंमत कोणी ठरवली? वर एक ओळ : ‘नियम एक असेल तर मोजमापही एकच हवं.’

सिरिलला फोनवर वाचून दाखवला. सिरिल ऑग्डन – स्टँडमध्ये चाळीस वर्षं माझ्या डावीकडच्या खुर्चीत. म्हणाला, “विने, फार सभ्य झालंय. त्यांच्या आयांचा उल्लेख राहिला.”

तिथेच थांबवला त्याला.

शनिवार, १५ मार्च

बरोबरी. एक-एक. आमचा गोलकीपर सोडला तर सगळे झोपले होते.

पण सह्या! मीट-पायच्या, म्हणजे खिमा भरून भाजलेल्या पुडांच्या, टपरीशेजारी घडीचं टेबल मांडलं, स्टँडभर कागदही फिरवले. चार हजार एकशे बारा सह्या. एक बाई म्हणाली, “माझ्या नवऱ्याचीही मीच करते, तो रांगेत आहे.” म्हटलं, अजिबात नाही, त्याला घेऊन ये. आली घेऊन. त्याच्या हातात दोन मीट-पाय, सही करायला हात नाही! शेवटी ते मीट-पाय मी धरले.

आणि मध्यंतरात खुद्द गेराल्ड स्टॉट खाली उतरले. आमचे अध्यक्ष. गालिच्यांच्या दुकानापासून वर आलेला गावचाच माणूस. स्वतःचं पेन काढून पहिल्याच पानावर सही केली. “मिस हॅलोरन, तुमच्यासारख्या चार असत्या तर लीग ताळ्यावर आली असती.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही. उगाच खोटं का लिहू, फुशारले होते.

बुधवार, १९ मार्च

चाहत्यांच्या समितीची बैठक. क्लबच्या दुकानावरची खोली, आम्ही पाच जण आणि स्टॉट. नेहमी साधी बिस्किटं असतात. आज चॉकलेटची होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

स्टॉट मैदान विकणार आहेत. आमचं मैदान! कोणाला? स्टॉट अँड सन्सला. म्हणजे स्वतःलाच. किंमत? “वाजवी.” कोणी ठरवली? “आमच्याच लोकांनी.” तोटा कागदावरून जाईल, पुढच्या वर्षी गुण कापले जाणार नाहीत, आणि कापलेल्या सहा गुणांविरुद्ध क्लबानं केलेल्या अपिलातही लीगसमोर बाजू बळकट होईल. कदाचित तीन गुण परत मिळतील.

मैदान विकायचं तर चाहत्यांच्या समितीचं संमतिपत्र लागतं. सोमवारपर्यंत हवंय.

मी म्हटलं, “हे हॉटेलच झालं की.”

“ते लबाडी करतात, मिस हॅलोरन. आपण जीव वाचवतोय.”

चार हात वर गेले. सिरिलचाही. माझा मांडीवरच राहिला. पण सचिव मी आहे, माझ्या सहीशिवाय पत्र जात नाही.

पत्र माझ्या पर्समध्ये आहे.

गुरुवार, २० मार्च

सिरिलचा फोन नाही.

शुक्रवार, २१ मार्च

आला. सिरिल स्वतःच. अंडी घेऊन आला की समजावं, भांडायला आलाय.

“सही कर ना गं.”

“नाही.”

“तीन गुण आहेत, विने! मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आत्ता खाली गेलो तर परत वर आलेलं मी बघणार आहे का? गेल्या खेपेला एकोणीस वर्षं लागली.”

किटली ठेवली.

मग त्याला सिस्टर कोलंबाची गोष्ट सांगितली. कॉन्व्हेंटमध्ये सोमवारी झग्यांची तपासणी. आम्ही रांगेत गुडघ्यांवर, झग्याची कड जमिनीला टेकली पाहिजे. नाही टेकली तर हातावर लाकडी पट्टी. पण गिरणीमालकाच्या मुलीला उभी ठेवून मोजायच्या. उभ्या मुलीची कड कुठे जमिनीला टेकते? मग सिस्टर म्हणायच्या, “हिला अंदाजानं बघू.” पट्टी तीच, नियम तोच. गुडघे मात्र आमचेच. नऊ वर्षांची होते, अजून विसरले नाही.

सिरिलनं चहात तिसरा चमचा साखर घातली. मग म्हणाला, “मग एकदा तरी आपल्याला गिरणीमालकाची मुलगी होऊ दे की!”

हसले मी. आणि मग रडले. तो गेल्यावर.

रविवार, २३ मार्च

चर्चमध्ये मिसा झाल्यावर बाकावर बसून राहिले. देवाला लीगच्या भानगडीत कशाला ओढायचं? पण सिरिलसाठी मेणबत्ती लावली. एक क्लबासाठीही.

घरी येऊन अर्जाची पानं पुन्हा चाळली. पहिलं पान. स्टॉटची सही – निळी शाई, लांबलचक शेपटी. माझ्या त्या दोन प्रश्नांच्या बरोबर खाली.

सोमवार, २४ मार्च. सकाळी ९ वाजून ५ मिनिटं.

संमतिपत्र सही न करताच क्लबाला परत केलं. सिरिलला आधी फोन करून सांगितलं. म्हणाला, “माहीत होतं मला, म्हातारे. शनिवारी माझ्यासाठी मीट-पाय तूच आणायचीस.” आणि फोन ठेवला.

दोन लिफाफे पोस्टात टाकले. एक लीगला, एक गेराल्ड स्टॉटना. आतलं पत्र शब्द न् शब्द तेच, फक्त एकात हॉटेल, दुसऱ्यात मैदान. दोघांना एकमेकांच्या पत्राची प्रत. दोन्हींना अर्जाच्या पहिल्या पानाची प्रत जोडलीय, स्टॉटच्या सहीसकट.

‘कोणी कोणाला विकलं वा विकणार, आणि किंमत कोणी ठरवली? उत्तर लेखी हवं. शुक्रवार, २८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.’