शिंगाडे घातलेल्या सँडविचबद्दल

मोहाडीहून, घर तेच, चूल मात्र थंड

चंद्रकुमारजींना टिकारामचा रामराम.

तुमची शुगर कुठवर उतरली? निर्मलाबाईंची कंबर शेकल्यावर सैल झाली का? सासूबाई दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतात, की जावई जास्त स्पष्ट दिसेल म्हणून टाळतात? वासराचं पोट बरं आहे ना? आणि सोमवारच्या एसटीने तुमची बहीण उषाबाई लाखांदूरला तुमच्याकडे आली, तिला पुन्हा ताप नाही ना चढला? (फोन केला की तीच उचलते. "टिकाराम नावाचं कोणी आमी ओळखत नाही," म्हणते आणि ठेवून देते. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर! म्हणून हे पत्र.)

तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. माझ्याकडूनही ऐका, मग शिव्या द्या.

दिवाळीनंतर उषाबाई आठ दिवस तापाने पडली होती. ताप गेला, पण तोंडाला चव येईना. भात पुढे केला की मान फिरवायची. आमची नात राखी नागपूरला परत जाताना फ्रीजमध्ये चीजचं पाकीट ठेवून गेली होती. तिला फोन लावला तर म्हणाली, "आबाजी, सँडविच करा. ब्रेडमध्ये चीज, नाशपातीच्या चकत्या, थोडा मध, आणि तव्यावर काहीतरी जड ठेवून दाबा. आजी बोटं चाटेल." मी जन्मात चहाशिवाय काही उकळलं नाही, पण म्हटलं, या बाईने बेचाळीस वर्षं ताट वाढलं, एकदा आपण वाढू.

आता आमच्या बाजारात त्या दिवशी नाशपाती कुठली? शिंगाडे मात्र ढीगभर. तलावातलं असलं तरी फळ ते फळच, असा मी हिशोब केला. (शेजारचे गोमाजी कुंपणावरून म्हणाले, "काहून गा टिकाराम, उपास कोणाचा हाये?" मी लक्ष दिलं नाही.) शिंगाडे उकडले, सोलले, चकत्या पाडल्या, त्यात दोन बोटं कापून घेतली. मधाच्या जागी गूळ किसला. जड वस्तू म्हणून पाट्यावरचा वरवंटा ठेवला. धुतला होता हो! पण इतक्या वर्षांची वाटलेली मिरची एका धुण्याने जाते का? दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तो मी पाहिला. लाल होता.

तरी तिने उशीला टेकून एक घास खाल्ला, डोळे पुसले आणि दुसरा खाल्ला. आठ दिवसांत पहिल्यांदा दुसरा घास! माझ्या मनात लाडू फुटत होते, तेवढ्यात म्हणाली, "गोड झालं, तिखट झालं. मीठ टाकाले भुललात का जी?"

चंद्रकुमारजी, हे वाक्य माझं आहे. तिच्या हातचं जेवताना पहिल्याच घासाला मी ते म्हणत आलो, आणि ती निमूट मिठाची वाटी सरकवत आली. माझ्यावर पाळी आली तर माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणालो, "चीजमंदीच मीठ रायते. पाकिटावर छापून हाये. तुले वाचता येते का?"

ती उठली. हात पुसले, पिशवी भरली. मला वाटलं, बाजारात चालली.

खरं सांगतो, मीही शाळा पाहिली नाही. धानाच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलो. मी पोती वाचत बसायचो तेव्हा चिखलात वाकून धानाच्या रोपांचा रोवणा करणारी तीच होती. माझ्या वाचण्यात निम्मा घाम तिचा, आणि तेच मी तिच्या तोंडावर फेकलं. त्यापेक्षा तव्यावर जीभ भाजली असती तर बरं झालं असतं.

चार नको, दोनच ओळी लिहा, पण लवकर लिहा. पोस्टमन यायच्या वेळेला मी उगाच अंगण झाडत असतो. आता झाडायला माती उरली नाही.

तुमचा
टिकाराम

ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवू नका.

आणखी एक. दाखवायचंच झालं तर निर्मलाबाईंना वाचू द्या. तुम्ही माझा आवाज काढून वाचता आणि तिला हसू आवरत नाही.

शेवटचं. तुम्हीच वाचा.