तू हललीस म्हणून

२ मार्च, रविवार

गाडी पाडली. चालती नव्हे – उभी!

महामार्गावरच्या हॉटेलचं आवार. गटातले सगळे आधीच पोचलेले, हेल्मेट काढून कॉफीचे कप हातात घेऊन उभे. मी शेवटचा. थांबलो, उजवा पाय टेकवला, खाली बारीक खडी. बूट सटकला. एवढी मोठी लांब पल्ल्याची गाडी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे ही, माझी बायको. थोडी कलली तर मांडीवर पेलता येते. त्यापुढे गेली की ती तुमचं ऐकत नाही. मी हँडल धरून ठेवलं, दात-ओठ खाल्ले. कशाचं काय! म्हातारी म्हैस चिखलात बसावी तशी सावकाश बसली. मी उडी मारून बाजूला झालो. ही खाली पडली.

आधी हिच्याकडे बघायला हवं होतं. मी गटाकडे बघितलं. आणि मोठ्यांदा म्हणालो, "तू हललीस म्हणून पडली."

ही उठली. पँट झटकली. माझ्याकडे बघितलं.

चौघांनी हां हां म्हणता गाडी उभी केली. कॅप्टन – म्हणजे आमच्या गटाचा म्होरक्या, एरवी टायरचं दुकान चालवतो – हिला म्हणाला, काकू, कलायचं ते वळणावर, थांबल्यावर नाही. सगळे हसले.

मीही हसलो.

परत येताना ही मागेच होती. पण हात माझ्या कमरेला नव्हता. डाव्या हाताने मागची कडी धरली होती.

३ मार्च

हिचं उजवं मनगट सुजून टम्म. एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, आतले स्नायू दुखावलेत. पट्टा बांधलाय. महिनाभर कामावर जायचं नाही.

ही रुग्णालयात रक्ताचे नमुने घेते. तान्ह्या बाळाची शीर सापडेनाशी झाली की वॉर्डातून हिलाच बोलावणं येतं. का, तर हिचा हात हलत नाही. सगळ्या मजल्यांवर ख्याती आहे. आणि मी 'हललीस' कुणाला म्हणालो? चारचौघांत!

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "गाडीवरून पडले." पडले. 'पाडलं' नाही.

५ मार्च

घरात सगळं नेहमीसारखं आहे. बोलते, हसते, वर्तमानपत्र आधी मला देते. भांडली असती तर बरं झालं असतं.

९ मार्च, रविवार

गट आज धरणावर गेला. मी गाडीचा आरसा फुटलाय असं कळवून टाकलं. खरं तर नुसता ओरखडा आहे.

दुपारी लेकीचा फोन. आईला हात कसा आहे विचारलं, मग मला म्हणाली, बाबा, नेमकं झालं काय? मी म्हणालो, अगं खडी होती, माझा पाय घसरला. अगदी सहज म्हणालो. तोंडातली चूळ टाकावी इतकं सहज! फोन ठेवून वळलो तर ही दारात. डाव्या हाताने टॉवेलची घडी घालत होती. थांबली. मग परत घडी घालायला लागली.

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. म्हणालो, चुकलं माझं. तू हलली नव्हतीस. मला तेव्हाच माहीत होतं.

"मलाही माहीत होतं," ही म्हणाली.

मी पुढे काहीबाही बोलत राहिलो – त्या क्षणी सुचलं नाही, लोक बघत होते, वगैरे. हिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इथे स्वयंपाकघरात काय सांगताय? जिथे बोललात तिथे सांगा."

बरोबर आहे. आणि अवघडही तेवढंच.

रात्री... नको, झोपतो. एवढंच लिहितो की इतकी वर्षं दोघांनी मिळून काय काय पालथं घातलं – समुद्र, घाट, ती बर्फाची खिंड. मागून एकदाही तक्रार नाही. कॅप्टनच म्हणायचा, काका, काकू मागे बसल्यात की घरी राहिल्यात हे गाडीला कळतच नाही. असं माणूस. आणि त्या माणसावर ढकललं!

११ मार्च

ठरवलं. आधी ही गाडी एकट्याने उचलायला शिकायचं. मग गटात जायचं, उभं राहून सांगायचं. रिकाम्या हाताने काय जायचं?

(हे लिहून वाचलं. माफीचा आणि गाडी उचलण्याचा काय संबंध? पळवाट आहे, मला कळतंय. तरी ठरवलं ते ठरवलं.)

आज कामावर पण लक्ष नव्हतं. दुरुस्तीसाठी लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरलो आणि वरचा स्विच बंद करायला विसरलो. साहाय्यकाने ओरडून सांगितलं. मी लिफ्टवाला, जन्मभर वजनं वर-खाली करणारा – स्वतःची गाडी उचलता येत नाही.

१५ मार्च, शनिवार

गटात एक बसवाल्या ताई आहेत. शहरात बस चालवतात, सुट्टीला माझ्यापेक्षाही मोठी गाडी. अंगकाठी म्हणाल तर फुंकर मारली तर उडतील. त्यांना फोन केला, शिकवाल का? लगेच आल्या.

इमारतीच्या पार्किंगमध्ये जुनी गादी अंथरली आणि गाडी तिच्यावर उजव्या कुशीवर निजवली. निजवतानाच घाम फुटला! ताई म्हणाल्या, काका, हातांनी उचलायला जाल तर कंबर जाईल. मग एकेक दाखवलं. इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळत नाही. डावीकडचा स्टँड आधीच काढून ठेवायचा, नाहीतर उभी केल्याच्या आनंदात पलीकडे पाडाल. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करायची, सीटला बूड टेकवायचं, गुडघ्यात वाकायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची कडी. आणि पायांनी मागे रेटत जायचं, बारीक बारीक पावलं टाकत.

पहिल्यांदा गाडी हलली नाही, मीच हललो. दुसऱ्यांदा अर्ध्यावर आली आणि परत निजली. मग केव्हातरी आली! आली वर! स्टँडवर टेकली. ताईंनी टाळ्या वाजवल्या, वॉचमनने वाजवल्या.

पाणी पिताना ताई म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचा बूट सटकला होता. मी समोरच उभी होते."

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत?

"नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार?"

नंतर एवढंच म्हणाल्या की तेव्हा बोलायला हवं होतं, काकूंचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही.

एका दमात जिने चढून वर गेलो. ही आरशासमोर उभी होती. डाव्या हाताने केस गोळा करायचे, क्लिप उघडायची, तोवर केस सुटायचे. मी दारातूनच म्हणालो, "उचलली! एकट्याने!"

"छान झालं," म्हणाली. मग क्लिप माझ्यापुढे धरली. "एवढी लावून द्याल?"

नाही जमली. क्लिप नाही लावता आली मला. तीनदा सुटली. शेवटी हिनेच केस मोकळे सोडले आणि आत गेली.

१७ मार्च

कंबर धरली आहे. उठता येत नाही, बसता येत नाही. हिने गरम पाण्याची पिशवी भरून आणली, डाव्या हाताने, काखेत धरून. मी म्हणालो, अगं ठेव, मी बघतो. "काय बघणार पडल्या पडल्या?" पिशवी नीट कमरेखाली सरकवली. पांघरूण टाकलं.

माझ्यामुळे हिचा हात गेला, आणि हीच माझी सेवा करतेय. असं पडून राहायला काटे टोचतात.

२३ मार्च, रविवार

गेलो होतो. पेट्रोल पंपावर सगळे जमले. तोंडापर्यंत आलं होतं. "मला एक सांगायचंय" म्हणालोही. कॅप्टन म्हणाला, बोला काका! सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय म्हणालो? – की माझ्या मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटतेय.

कॅप्टनने टायर दाबून पाहिला. म्हणाला, ठणठणीत आहे.

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी हेल्मेट घातलं.

घरी आलो तेव्हा ही गॅलरीत होती. विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, माझ्या चालीवरून कळलं असणार. माणूस सत्तावन्न वर्षांचा होतो, मजले चढवतो-उतरवतो, पोरीचं लग्न करतो, आणि चार लोकांपुढे एक वाक्य बोलू शकत नाही. लाज वाटते.

३० मार्च, रविवार

सांगितलं.

पंपावर गाडी लावली आणि हेल्मेट काढायच्या आधीच सुरुवात केली, नाहीतर परत राहिलं असतं. आवाज हेल्मेटमध्ये घुमला. कुणाला काही कळेना. मग काढलं आणि पुन्हा सांगितलं: त्या दिवशी हॉटेलपाशी गाडी माझ्या चुकीने पडली. माझा पाय सटकला. ही हलली नव्हती. मी खोटं बोललो.

कॅप्टन म्हणाला, "कुठल्या दिवशी?"

मी आठवण करून दिली. तो डोकं खाजवायला लागला. दुसरा एक म्हणाला, अहो ती तर माझी पडली होती ना? तिसरा म्हणाला, नाही, तुझी धबधब्यापाशी. त्यांची जुंपली, कोणाची कुठे पडली त्यावर. कॅप्टनने माझ्या पाठीवर थाप मारली, काका, सगळ्यांच्याच पडतात, एवढं काय मनाला लावून घेता!

कुणाच्या लक्षातही नव्हतं. ज्यांच्यापुढे माझी इज्जत जाऊ नये म्हणून हिची घालवली, ते त्याच संध्याकाळी विसरले होते. फक्त ताई जवळ आल्या आणि म्हणाल्या, काकूंना माझा नमस्कार सांगा.

फिरायला गेलो नाही. सरळ घरी. हिला समोर बसवून सांगितलं. ही म्हणाली, नेमके कोणते शब्द? मी शब्द सांगितले. मग ते काय म्हणाले? म्हणालो, त्यांना आठवतच नव्हतं.

ही हसायला लागली. कितीतरी दिवसांनी! हसता हसता डोळे पुसले.

"मला आठवत होतं ना," म्हणाली. "माझ्यासाठीच सांगायचं होतं."

४ एप्रिल

पट्टा सुटला. आज कामावर गेली. संध्याकाळी दारातूनच सांगत आली, एका तान्हुलीची शीर पहिल्याच टोचणीत मिळाली. बाळाची आई घाबरून भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिला कळायच्या आत संपलं.

मला इतकं बरं वाटलं की पेढा असता तर वाटला असता.

५ एप्रिल, शनिवार

मागच्या सीटवर नवी जाड गादी बसवून घेतली. हिच्या हेल्मेटची काच पुसली, आतला कपडा धुऊन वाळवला. उद्या दोघंच. गट नको. तळ्यापर्यंत जायचं, बसायचं, परत यायचं. हिला म्हणालो, सकाळी निघू या? म्हणाली, "बघू."

'बघू' म्हणजे हो. मला माहीत आहे.

६ एप्रिल, रविवार

ही खाली आली, पण हेल्मेटशिवाय. माझ्या जॅकेटची चेन वर ओढली. म्हणाली, राग गेलाय, त्याचं मनात ठेवू नका. पण मागे बसायला मला कधीच आवडलं नाही. पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. डोळे मिटून बसायचे.

मी म्हणालो, इतकी वर्षं? मग बोलली का नाहीस?

"तुम्ही दर थांब्यावर मागे वळून विचारायचात – मजा आली ना? इतके खूश असायचात."

जपून जा म्हणाली. एकटाच निघालो. पहिल्या सिग्नलला पाय टेकवला. गाडी फार हलकी लागली.