डेव्हनपोर्टचा क्लाइड आणि मोलाइनचा एल्मर

१ जुलै १९९४, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. जानेवारीत सगळेच सुरू करतात आणि फेब्रुवारीत सोडतात, म्हणून मुद्दाम जुलै. जेवणात मीठ कमी करायचं. महिना संपायच्या आत गॅरेजला रंग द्यायचा. रेडिओच्या बेसबॉल कार्यक्रमात फोन करून वाद घालणं कायमचं बंद. जन्मभर पोस्टात काढलेल्या माणसाला शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.
आमची लाडकी टीम, रिव्हरमेन, हरली. आठव्या डावापर्यंत चार धावांनी पुढे होते. मग शेवटच्या डावांत चेंडू टाकायला ठेवलेले आमचे रिलीफ पिचर आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे माती खाल्ली. आग विझवायला बोलवावं तर हे रॉकेलचा डबा घेऊन येतात.
रागाच्या भरात खारे शेंगदाणे संपवले. उद्यापासून मीठ कमी.

३ जुलै, रविवार
तळघरातल्या पोराने सकाळी सात पॅनकेक खाल्ले. माझी बायको आर्डिस त्याच्या पुढ्यात आठवा ठेवत होती आणि माझ्यापुढे ओटमील.
पोराचं नाव एलिजियो. वय वीस, गाव डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कुठेतरी. रिव्हरमेन आपली कोवळी पोरं मुरायला आमच्या बेलफोर्डच्या छोट्या टीममध्ये पाठवतात. पगार तुटपुंजा, म्हणून गावातली माणसं त्यांना घरात ठेवून घेतात. आर्डिसला घरात कोणीतरी जेवणारं हवं होतं. मला सीझनचा फुकट पास हवा होता. यात भावनेचा काही संबंध नाही, हे मी पहिल्या दिवशीच स्पष्ट केलं होतं.
सगळे म्हणतात, चार वर्षांत हा मोठा स्टार होणार. होईल. पण रिव्हरमेन शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे ऑक्टोबरातली अंतिम लढत, जिंकले १९३१ साली. तेव्हा मी एक वर्षाचा होतो आणि आईच्या सांगण्याप्रमाणे झोपलेलो होतो. मला डोळे उघडे ठेवून एकदा बघायचंय. आणि यंदा टीम पहिल्या नंबरवर आहे. कमी आहे ती फक्त एका भरवशाच्या रिलीव्हरची.

५ जुलै
व्हर्नच्या सलूनमध्ये मुद्दा मांडला. एलिजियो द्या, त्याच्या बदल्यात मुरलेला रिलीव्हर घ्या, ऑक्टोबरमध्ये चषक घरी आणा. ट्रेडचा हिशेब सरळ आहे. व्हर्न कात्री थांबवून म्हणाला, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणारा माणूस मी आजवर ऐकला होता, आज त्याची हजामत करतोय. आणि वर म्हणाला, अरे, तो पोरगा तुझ्या घरी जेवतो! मी म्हटलं, म्हणूनच मी निष्पक्ष आहे, तो किती खातो ते मला माहीत आहे.
चार वाजता रेडिओला फोन केला. हा नियमाचा भंग नाही, कारण नियम माझ्यासाठी, म्हणजे हर्बसाठी होता. मी 'डेव्हनपोर्टचा क्लाइड' म्हणून बोललो. पोरगा आपल्याच छताखाली राहतो, उगाच त्याचं मन कशाला दुखवा. रिसीव्हरवर रुमाल धरून आवाज घोगरा केला. सख्ख्या भावानेही ओळखला नसता.

८ जुलै
क्लाइडचा रोजचा फोन. माल विकायचा तर मालाची स्तुती करावी लागते. म्हणून आज सांगितलं की एलिजियोसारखा हात गेल्या तीस वर्षांत झाला नाही, भिंतीपाशी उभा राहून चेंडू थेट बॅटरच्या पायाशी, होम प्लेटवर फेकतो, पळतो तेव्हा जमिनीला पाय लागत नाहीत, शिवाय अत्यंत सुस्वभावी, स्वतःची ताटली स्वतः धुतो. कार्यक्रमवाला बड म्हणाला, क्लाइड, तू ट्रेड मागतोयस की मुलाचं लग्न जमवतोयस? आणि ताटलीचं तुला कसं ठाऊक?
मी फोन ठेवला. लाइन खराब होती.

१० जुलै, रविवार
ब्यूकची पुढची काच फुटली. मी गाडी नेहमी बेलफोर्डच्या मैदानाच्या डाव्या भिंतीमागे लावतो, कारण मे महिन्यात तिथे लावली तेव्हा आपण ओळीने सामने जिंकलो होतो. पाटी आहे, 'येथे गाडी स्वतःच्या जबाबदारीवर लावावी'. ती पाटी बाहेरगावच्या लोकांसाठी आहे. सहाव्या डावात एलिजियोने असा काही फटका मारला की चेंडू भिंत, कुंपण आणि पॉपकॉर्नवाला ओलांडून थेट माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.
पोरगा रात्री रडकुंडीला आला होता. मिस्टर हर्ब, पगारातून कापून घ्या, म्हणत होता. मी कडक आवाजात म्हटलं, बघू.
चेंडू टीव्हीवर ठेवलाय. पुरावा म्हणून.

१४ जुलै
गॅरेजचं काम सुरू. मी खुर्ची टाकून देखरेख केली. एलिजियोने सकाळच्या वेळात दोन भिंती पुऱ्या केल्या, तिसरी अर्धी. पोरगं काम करताना गातं. मला म्हणालं, मिस्टर हर्ब, मी वर, मोठ्या टीममध्ये गेलो ना, की पहिल्या सामन्याचं तिकीट तुम्हाला. अगदी पुढची रांग. आई एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला. माझी आई फार ओरडते, कान सांभाळा.
मला जरा खोकला आला. रंगाचा वास असावा.
चार वाजता फोन करायला विसरलो.

१७ जुलै, रविवार
पेपरमध्ये चक्क छापून आलंय की रिव्हरमेनने एलिजियोला देऊन रिलीव्हर घ्यावा. शब्दन् शब्द क्लाइडचा! म्हणजे वरपर्यंत ऐकतात तर. माणसाच्या शब्दाला वजन असतं, ते असं.
व्हर्न म्हणतो, असं दर वर्षी दर पेपरमध्ये छापून येतं. जळतो.
जेवण गेलं नाही. आर्डिसने विचारलं, काय झालं? म्हटलं, ओटमील. ती म्हणाली, ओटमील सकाळी होतं हर्ब, हे पोर्क चॉप आहे.

१९ जुलै
नीट विचार केला. शहाणा माणूस मत बदलू शकतो. पण क्लाइडने बदललं तर त्याची अब्रू काय राहील? रोज एक बोलायचं आणि आज दुसरं? लोक हसतील. त्यामुळे आज 'मोलाइनचा एल्मर' बोलला. आवाज बारीक, रुमालाऐवजी नाक चिमटीत धरून. एल्मरने क्लाइडला फैलावर घेतलं. म्हणाला, हा क्लाइड म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, वीस वर्षांचं सोनं देऊन तिशी उलटलेलं भंगार घ्यायला निघालाय!
फार बरं वाटलं. मात्र नंतर क्लाइडचाही थोडा अपमान वाटला.

२२ जुलै
एल्मर बोलत असताना मागे घड्याळातला लाकडी पक्षी बाहेर येऊन ओरडला. आर्डिसच्या आईचं घड्याळ, पाच मिनिटं मागे आहे, दुरुस्त करायचंय. बड म्हणाला, एल्मर, गंमत आहे हं, क्लाइडकडेही असाच पक्षी आहे, आणि त्याचाही पाच मिनिटं उशिरा ओरडतो. मी प्रसंगावधान राखून म्हटलं, आम्ही दोघांनी एकाच दुकानातून घेतलं. बड म्हणाला, म्हणजे ओळख आहे तुमची! मग भेटून मिटवा की. म्हटलं, मी त्याचं तोंड बघत नाही.
थोडक्यात निभावलं. कोणाला शंकासुद्धा आली नाही.

२५ जुलै
व्हर्नने हजामत करताना सहज विचारलं, एल्मरची सर्दी कशी आहे? पोस्टातली मुलगी म्हणाली, क्लाइड दिसले तर सांगा, तिकिटं आलीत. काल चर्चमध्ये पाद्रीबाबा माझ्याकडे बघून एकाच माणसाच्या दोन मनांवर बोलले. दोघांची गावात बरीच हवा झालेली दिसते.

२८ जुलै
मोठ्या लीगच्या खेळाडूंनी जाहीर केलंय, १२ ऑगस्टपासून संप. काही होणार नाही. पोस्टात असताना असल्या पन्नास धमक्या पाहिल्या. लाखो डॉलर मिळवणारा माणूस कधी घरी बसतो का? ऑक्टोबरसाठी नवी फोल्डिंग खुर्ची बघून ठेवली.
एल्मर आज दोनदा बोलला. दुसऱ्यांदा बडने विनवणी केली की बाकीच्यांनाही बोलू दे.

३१ जुलै, रविवार
ट्रेड झाला.
एलिजियो गेला. बदल्यात ब्रॉडी टॅल्बट, रिलीव्हर, वय चौतीस, गुडघ्याचं एक ऑपरेशन. संध्याकाळी मॅनेजरने पोराला ऑफिसात बोलावून सांगितलं. व्हर्न म्हणाला, पेपरात येण्याआधीपासून त्यांचं ठरलं असेल, तू जीवाला लावून घेऊ नकोस. त्याला काय कळतंय. क्लाइड जिंकला. नालायक माणूस. आणि एल्मर, शेळपट, दोन आठवडे उशिरा तोंड उघडलं.
मला हवं होतं तेच झालं. आनंद आहे. शेंगदाण्यांची नवी पिशवी फोडली आणि संपवली.

१ ऑगस्ट
पहाटेची बस. आर्डिसने दोन खोके भरून डबे दिले. पोराने तिला मिठी मारली तेव्हा ती त्याच्या कॉलरमध्ये तोंड घालून रडली. मी हात पुढे केला. म्हटलं, फटका मारताना खांदा जास्त उघडू नकोस, आणि मोज्यांचं बघ, तीनच जोड आहेत. तो म्हणाला, मिस्टर हर्ब, गॅरेजची एक भिंत राहिली, माफ करा.
बस वळेपर्यंत उभे राहिलो. आर्डिस माझ्याशी बोलत नाहीये. तिला काही माहीत असणं शक्य नाही. बायकांचा स्वभाव असतो.

६ ऑगस्ट
टॅल्बटचा पहिला सामना. नवव्या डावात दोन धावांनी पुढे असताना आला. तीन धावा दिल्या. पहिल्या दिवशी होतं असं.

९ ऑगस्ट
दुसऱ्या दिवशीही होतं असं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार
संप. सगळी मैदानं बंद. टॅल्बट मासे पकडायला घरी गेला म्हणे. पहिल्या नंबरवरची टीम पहिल्या नंबरवरच गोठली.
चार दिवसांत मिटेल.

२७ ऑगस्ट, शनिवार
मिटला नाही.
पण छोट्या लीगना संप नाही! ती पोरं पाच डॉलरच्या जेवणभत्त्यावर खेळतच आहेत. आर्डिस सकाळी पर्स घेऊन गाडीत जाऊन बसली आणि म्हणाली, चल. एलिजियोची नवी टीम तीन तासांवर, विस्कॉन्सिनमध्ये. तडकलेल्या, भोकाला प्लास्टिक लावलेल्या काचेतून बघत गाडी चालवली. काच बदलायची राहून गेली आहे.
मनाशी ठरवलं होतं, क्लाइडबद्दल त्याला काही सांगायचं नाही. जे माहीत नाही त्याचं दुःख नसतं. सामन्याआधी पोरगा कुंपणाशी धावत आला, आर्डिसला कुंपणावरूनच मिठी मारली, मग माझ्याकडे बघून दात काढत म्हणाला, आज कोण आलंय? क्लाइड की एल्मर?
मी आर्डिसकडे पाहिलं. ती स्कोअरबोर्ड बघत होती.
सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. टीमच्या बसमध्ये रोज चारला रेडिओ लावायचे. कॅचर माझी नक्कल करतो, रुमालासकट. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, पोरा, मला वाटलं होतं... तो म्हणाला, मिस्टर हर्ब, ऐका तर. पिचरने एक दिवस तुमचं बोलणं कॅसेटवर घेतलं, क्लाइडचं, तीस वर्षांत असा हात झाला नाही वालं. मी ती कॅसेट आईला पाठवली. तिला इंग्लिश येत नाही. पण दर वाक्यात माझं नाव येतं ना, ती सगळ्या गल्लीला ऐकवते. म्हणते, अमेरिकेत कोणीतरी माझ्या पोरावर जीव टाकतंय. क्लाइडला नमस्कार सांगितलाय तिने.
मी म्हटलं, हर्ब आलाय. आज हर्ब आलाय.
डोळ्यांत पाणी आलं. लिहूनच टाकतो, रंगाचा वास नव्हता.
त्याने दोन फटके मारले. त्याची टीम आठव्या डावापर्यंत तीन धावांनी पुढे होती, मग त्यांच्या रिलीव्हरांनी सामना घालवला. येताना मी सहज म्हटलं, या टीमला एक चांगला रिलीव्हर मिळाला तर... आर्डिस म्हणाली, हर्ब, फोनला हात लावलास तर तळघरात झोपशील. जागा रिकामीच आहे.

१४ सप्टेंबर, बुधवार
उरलेला सीझन रद्द. वर्ल्ड सिरीजही रद्द. दोन महायुद्धांत जी थांबली नाही ती यंदा थांबली, नेमकी आम्ही पहिल्या नंबरवर असताना. व्हर्न म्हणाला, तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं, आणि तेही गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. केस कापून घेतले.
गॅरेजची चौथी भिंत रंगवायला घेतली. थोड्या वेळाने खुर्चीत बसलो. ती तशीच राहू दे, पुढच्या उन्हाळ्यात तो भेटायला येईल तेव्हा बघू.
चार वाजता रेडिओला फोन केला. रुमाल नाही, चिमटा नाही. बडने विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, बेलफोर्डचा हर्ब. बड म्हणाला, हर्ब? नवीन दिसताय. या, या. क्लाइड आणि एल्मर गेल्यापासून इकडे अगदी सुनंसुनं झालंय. बोला, कोणाला द्यायचं, कोणाला घ्यायचं?
म्हटलं, कोणालाच नाही. एलिजियो चांगला मुलगा आहे, एवढंच सांगायचं होतं.
तेवढ्यात मागे पक्षी ओरडला, पाच मिनिटं उशिरा. बड म्हणाला, हर्ब, ते घड्याळ दुरुस्त करून घ्या.
उद्या करतो.